मे महिन्यात हंपी? जायचं, पण सावली बघून

मे महिन्यात हंपीला चाललोय म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, डिसेंबरात का नाही जात? डिसेंबरात जायला कुणाला नकोय हो, पण डिसेंबरात पोरांच्या शाळेचं गॅदरिंग, नवऱ्याला रजा नाही, आणि त्या दिवसांत हंपीतल्या खोल्यांचे भाव ऐकले की घरी बसून फोटोच बघावेत असं वाटतं. सगळे एकदम मोकळे असतात असा महिना एकच, मे. त्यात आम्ही सोलापूरचे, म्हणजे ऊन आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको, इथे मार्च संपला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पण घरच्या उन्हात माठ असतो, पंखा असतो, दुपारी फरशीवर आडवं पडता येतं. हंपीत चहूकडे नुसता दगड, आणि तोही ग्रॅनाइटचा.

तर या वेळी प्लॅन करताना मी एक गोष्ट ठरवली, जागांची यादी करायचीच नाही. नेटवर हंपी टाकलं की 'ही ठिकाणं चुकवू नका' वाल्या याद्या धो धो येतात आणि त्या सगळ्या थंडीत जाणाऱ्यांसाठी असतात, सकाळी नऊला बाहेर पडा, हे बघा, ते बघा, दोनला जेवा, परत सुरू. मे मध्ये असं केलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं घर सलाईनवर. म्हणून मी वहीत दोनच रकाने आखले, कुठे किती वाजता सावली असते आणि कुठे चपला काढाव्या लागतात. बाकी सगळं त्यावरून ठरलं.

सावलीचं प्रकरण जरा सांगते कारण हे बऱ्याच लोकांच्या डोक्यात येत नाही. हंपी साधारण सव्वापंधरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मे च्या अगदी सुरुवातीला एक दिवस सूर्य भर दुपारी तिथे नेमका डोक्यावर असतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच संपते. (आपल्या सोलापुरात हाच शून्य सावलीचा दिवस आठ-दहा दिवसांनी येतो, मुलांना काठी रोवून दाखवतात तो.) म्हणजे काय, तर मे मधे दुपारी अकरा ते दोन भिंतीच्या कडेने चालू, झाडाच्या कडेने चालू वगैरे काही चालत नाही, भिंतीची सावली नावालाच असते. छप्पर असेल तर सावली, नाहीतर नाही. आणि हंपीत छप्पर म्हणजे दगडी मंडप, तेही मोजक्या जागी. हंपी म्हणजे विजयनगरची जुनी राजधानी, पण राजवाड्यांची तर नुसती जोतीच उरलीत, वरचं सगळं लाकडाचं होतं ते १५६५ च्या लढाईनंतर जळून गेलं, त्यामुळे सगळ्यात जास्त चालायला लावणारा भाग तोच सगळ्यात जास्त उघडा.

दुसरं चपलांचं. विरूपाक्षाच्या देवळात रोज पूजा चालू आहे, त्यामुळे दारातच चपला काढायच्या आणि मग आतलं ते भलंमोठं फरसबंद अंगण. एप्रिलात मी ते दुपारी बाराला पार केलंय, म्हणजे पार केलंय कसलं, उड्या मारत गेले. तिथे एक बाई पदर डोक्यावर घेऊन शांतपणे चालत होत्या आणि त्यांच्या पायात जाड सुती मोजे होते! तेव्हापासून आमच्या घरात देवळांच्या ट्रिपला मोजे हा नियम आहे. नायलॉनचे नाही, सुती आणि जाड. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "देवाच्या दारात मोजे घालून जाऊ व्हय मी?" मग मी त्यांना गच्चीवर नेलं दुपारी एक वाजता आणि म्हटलं, आई, इथे नुसतं एक मिनिट उभ्या राहा. मोजे आता त्यांच्या पिशवीत सगळ्यात वर आहेत.

सासूबाई येतायत म्हणूनच खरं तर ही ट्रिप. त्या माळकरी, कार्तिकीला पंढरपूर चुकत नाही, आणि त्यांच्या डोक्यात लहानपणापासून एकच, की पांडुरंग एकदा हंपीला गेला होता. कथा आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, कृष्णदेवरायाने विठ्ठलाची मूर्ती विजयनगरला नेली आणि नाथमहाराजांचे पणजोबा भानुदास तिकडे जाऊन ती परत घेऊन आले. इतिहासवाले यावर वाद घालतात, घालू देत, पण हंपीत विठ्ठलाचं प्रचंड मोठं देऊळ आहे आणि आज त्याच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही, एवढं तर डोळ्यांनी दिसतं. सासूबाईंचं म्हणणं की मूर्ती नाही म्हणजेच खरं, ती आपल्याकडे आहे ना! यावर काय बोलणार. मी उन्हाचं काढलं तर, "वारीत काय यशी लावून चालतंय का कुणी?" असं ऐकवलं. वय बहात्तर, गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू. म्हणजे सगळा प्लॅन त्यांच्या पायाच्या वेगाने करायचा हे ठरलेलंच, आणि गंमत म्हणजे तसा केला की तो पोरांनाही झेपतो आणि नवऱ्यालाही, जो मी दमलो असं कधीच कबूल करत नाही, फक्त एकाएकी चिडायला लागतो.

विठ्ठल मंदिर म्हणून पोचल्यानंतरच्या पहिल्या सकाळी, तिकीट काउंटर उघडलं की लगेच. गाडी लांब पार्किंगला लावावी लागते आणि तिथून देवळापर्यंत साधारण एक किलोमीटर बॅटरीच्या गाडीने नेतात. सकाळी लवकर गेलं की या गाडीला रांग नसते, दहा नंतर शाळकरी-कॉलेजवाले ग्रुप, टूरच्या बस, आणि रांग उभी असते उन्हात. हे ट्रिपचं एक्सेल शीट बनवणाऱ्या मंडळींना सांगा कुणीतरी, हंपीत वेळ अंतरात जात नाही, रांगेत जातो. आत गेलं की तो दगडी रथ, पन्नासच्या नव्या नोटेवरचा. माझ्या धाकट्याने नोट घेऊन ठेवलीये, शेजारी धरून फोटो काढायचाय म्हणे. रथ एकाच दगडातला वाटतो पण तो तसा नाही, बरेच दगड एकमेकांत असे बसवलेत की सांधा नक्षीच्या रेषेत लपतो, जवळ जाऊन चाकाच्या वरच्या पट्टीकडे बघितलं की सापडतो. आणि तो खरं म्हणजे गरुडाचं देऊळ आहे, विठ्ठलाच्या समोर गरुड. वर विटांचं शिखर पण होतं, १८५६ सालच्या जुन्या फोटोत ते दिसतं, पुढे काढून टाकलं. मग मुख्य मंडपात ते वाजणारे खांब, आता वाजवू देत नाहीत आणि ते बरंच आहे, लोकांनी किल्ल्या आणि नाणी मारून मारून झिजवले असते. पण माझ्या वहीच्या हिशोबाने या देवळाचं महत्त्व वेगळंच, इथे चारी बाजूंना खांबांचे मंडप आहेत, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला टेकायला सावली आहे आणि वारा आडवा वाहतो. सासूबाई तिथे बसून हरिपाठ म्हणणार आहेत, तोवर आम्ही बाकीचं फिरून येऊ.

तिकिटाचं एक लक्षात ठेवा. विठ्ठल मंदिराचं तिकीट त्याच दिवशी झनाना भागात (कमळ महाल आणि हत्तींचे तबेले) आणि कमलापूरच्या म्युझियमला पण चालतं, भारतीयांना मी बघितलं तेव्हा ४० रुपये होतं आणि पंधरा वर्षांखालची पोरं फुकट. म्हणजे ही तिन्ही ठिकाणं एकाच दिवशी घ्यावी लागतात, आणि सगळे इथेच फसतात, कारण विठ्ठल मंदिर आणि झनाना एकमेकांपासून लांब आहेत आणि लोक मधल्या दुपारी एकाकडून दुसरीकडे धावतात. आमचं असं ठरलंय, सकाळी विठ्ठल, ऊन चढलं की म्युझियम, मग रूमवर जेवण आणि झोप, आणि साडेतीन-चारला झनाना. म्युझियम दुपारसाठी एकदम मस्त, छप्पर आहे, पंखे आहेत, आणि अंगणात अख्ख्या हंपीचं दगडधोंड्यांसकट मॉडेल आहे, ते आधी बघितलं की पोरांना नदी कुठे, राजवाडा कुठे, आपण कुठे हे कळतं. फक्त शुक्रवारी म्युझियम बंद असतं. आम्ही आधी गुरुवारी निघणार होतो, हे कळल्यावर एक दिवस पुढे ढकललं.

रस्ता सोपा आहे. सोलापूर ते विजापूर आणि तिथून सरळ खाली हंपीजवळचं होस्पेट, साधारण तीनशे किलोमीटर, चौपदरी. पहाटे चारला निघायचं म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत पोचतो आणि गाडीतलं सगळं अंतर थंड वेळात जातं. चेक-इन बाराचं असतं पण फोन करून विचारलं तर मे मध्ये खोल्या रिकाम्याच असतात, लवकर देतात, आम्हाला लगेच हो म्हणाले. टायरमध्ये हवा निघायच्या आदल्या रात्री, टायर गार असताना बघायची, आणि कूलंट. पुण्याहून येणाऱ्यांनाही सोलापूरवरून हा रस्ता बरा पडतो. कोल्हापूर-मिरजेकडच्यांना हरिप्रिया एक्सप्रेस आहे, ती बेळगाव-हुबळी-गदग करत रात्री होस्पेटला सोडते, दुपारची लाही लाही ट्रेनमध्ये निघून जाते, एसीचं तिकीट मिळालं तर उत्तमच.

या रस्त्याचं मला एक फार आवडतं आणि गाडीत मी ते दर वेळी सांगते, सगळे कंटाळलेत पण सांगते. विजापूर सोडलं की अलमट्टीजवळ कृष्णा ओलांडावी लागते आणि राक्षसगी, तंगडगी ही गावं त्याच भागात, कृष्णेच्याच काठाला. २३ जानेवारी १५६५ ची लढाई, जिला आपण तालीकोटची म्हणतो, ती इथली. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंडा, बिदर एका बाजूला आणि विजयनगरचा रामराया दुसऱ्या बाजूला. आता यात सोलापूरचा काय संबंध? तर एकमेकांच्या जिवावर उठलेले निजामशाह आणि आदिलशाह एकत्र आले ते सोयरीक करून, हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशाहाला दिली आणि तिच्या आंदणात सोलापूरचा किल्ला दिला, ज्यावरून दोघांची वर्षानुवर्षं मारामारी चालली होती. आमच्या भुईकोट किल्ल्याच्या बागेत संध्याकाळी भेळ खाणाऱ्यांना सांगितलं की हा किल्ला हुंड्यात गेला आणि तिकडे विजयनगर बुडालं, तर खोटं वाटतं. लढाई दोन-चार तासांत संपली म्हणतात, पण शहर लुटणं मात्र महिनोन्‌महिने चाललं. जिथे आपण छत्री घेऊन फिरणार ते हे.

आणि खरं सांगू का, विजयनगरवाल्यांनी पाण्याचं काय करून ठेवलंय ते उन्हाळ्यातच नीट कळतं. थंडीत मी गेले होते तेव्हा राजवाड्याच्या आवारातली ती काळ्या दगडाची पायऱ्यापायऱ्यांची पुष्करणी बघून 'किती सुंदर' म्हटलं आणि फोटो काढून पुढे गेले. एप्रिलात तिच्या काठावर उभं राहिलं, डोकं तापलेलं, घसा कोरडा, तेव्हा बाजूला दगडी खांबांवरून आलेली ती पाण्याची पन्हळ दिसली, लांबच्या लांब, दगडात खोदलेला पाट, आणि डोक्यात आलं की या रखरखाटात एवढं मोठं शहर वसवायचं म्हणजे आधी पाणी आणायला पाहिजे, देवळं नंतर. पुष्करणीच्या दगडांवर गवंड्यांच्या खुणा आहेत, कुठला दगड कुठल्या बाजूला, कितव्या रांगेत बसवायचा त्याच्या, म्हणजे दगड दुसरीकडे घडवून इथे आणून नुसते जोडले. ऐंशीच्या दशकात खणून काढेपर्यंत ही मातीखालीच होती म्हणून इतकी कोरीकरकरीत राहिली. राणीच्या स्नानगृहाभोवती तर खंदकच आहे. तुंगभद्रेवरून काढलेल्या त्यांच्या कालव्यांतला तुर्ता कालवा अजून शेतीला पाणी देतो, हंपीत त्या तापलेल्या खडकांच्या मधोमध अचानक हिरव्यागार केळीच्या बागा लागतात ना, त्या त्याच्या जिवावर. दुपारी गाडी घेऊन जायचंच असेल तर त्या केळीच्या रस्त्याने जा, काच खाली केली की हवेतला फरक कळतो.

भर दुपारी बाहेर पडायचंच असेल तर माझ्याकडे अजून दोन जागा आहेत. एक हजारराम मंदिर, राजघराण्याचं देऊळ, बाहेरच्या भिंतीवर रामायण पट्ट्यापट्ट्यांनी कोरलंय पण ते सकाळी बघायचं, दुपारी आत जायचं जिथे ते काळे गुळगुळीत चार खांब आहेत, हात लावला तर गार. दुसरं ते जमिनीखालचं शिवमंदिर, प्रसन्न विरूपाक्ष. आजूबाजूची जमीन उंच आणि देऊळ खाली, पायऱ्या उतरून जायचं, आत अंधार, कधी कधी गाभाऱ्यापर्यंत पाणी साचलेलं, आणि वटवाघळांचा वास. माझी मोठी नाक दाबून धरेल पण बाहेरच्यापेक्षा तिथे हवा चांगलीच गार असते. टॉर्च न्या, मोबाईलचा नको, मोबाईल उन्हात आधीच तापून बंद पडलेला असतो.

विरूपाक्षाला आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे जाणार. मोजे असले तरी. आत मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे, भिंतीत बारीक झरोका, आणि समोरच्या भिंतीवर बाहेरच्या नऊ मजली गोपुराची उलटी सावली पडते. धाकट्याला शाळेत पिनहोल कॅमेरा खोक्याचा करायला लावला होता, तो चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या भिंतीत बघायला मिळणार. याला मात्र बाहेर लख्ख ऊन पाहिजे, त्यामुळे पहाटे आत शिरून सूर्य जरा वर येईपर्यंत थांबायचं, तोवर नदीवर जाऊन यायचं.

त्याच सकाळी नवरा आणि पोरं अंजनाद्रीला जायचं म्हणत होती, नदीपलीकडे आनेगुंदीला, हनुमानाचं जन्मस्थान मानतात ते. पावणेसहाशे पायऱ्या. ते वेगळ्या दिवशी टाकलंय, मे मधे सूर्य सहाच्या आधीच उगवतो, म्हणजे साडेपाचला पायथ्याशी असायला पाहिजे आणि साडेसातला खाली. माझ्या नवऱ्याने 'आठला निघू ना आरामात' म्हटलं, त्यावर मी नुसतं बघितलं. आणि माकडं आहेत, हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की गेली. मतंग टेकडी या वेळी रद्द, चढ उभा आहे, वाट आडवळणी आहे आणि सासूबाईंना खाली एकटं कुठे बसवणार. त्याऐवजी संध्याकाळी हेमकूट, विरूपाक्षाला लागूनच, उतरता सपाट खडक, छोटी छोटी जुनी देवळं, त्यातली काही विजयनगरच्याही आधीची. सूर्यास्त तिथूनही छान दिसतो. फक्त बसायला घडी करून सतरंजी न्या, सूर्य पावणेसातला मावळतो पण खडक रात्री आठपर्यंत तव्यासारखा तापलेला असतो. याच कारणाने मे मधली हंपीतली रात्र पण गार होत नाही, दिवसभर प्यालेलं ऊन दगड रात्रभर ओकत बसतात. म्हणून खोली बुक करताना मी एकच प्रश्न विचारला, वरती गच्ची आहे का? गच्चीखालची खोली असेल तर एसी रात्रभर नुसता ओरडतो. आणि जनरेटर आहे का, तो एसीला चालतो की फक्त दिव्या-पंख्याला, हे पण विचारा, एका ठिकाणी आधी 'बॅकअप आहे' म्हणाले आणि खोदून विचारल्यावर कळलं एक बल्ब आणि एक पंखा.

मे मध्ये दुपारनंतर वळीव पण येतो तिकडे, आपल्यासारखाच, चारला आभाळ भरून येतं आणि धूळ, वारा, गडगडाट. पाऊस आला तर आनंदच आहे पण ढग दिसले की टेकडीवरून, उघड्या खडकावरून खाली यायचं, वीज पडायला तिथे आपणच सगळ्यात उंच.

टोपली बोटीत बसायचंच आहे सगळ्यांना. सानापूरच्या तलावात किंवा नदीवर, उन्हं कलली की, लाईफ जॅकेट मागून घ्यायचं, नसेल तर बसायचं नाही. बोटवाले फोटोसाठी गरागरा फिरवतात, सासूबाई असतील तर आधीच सांगून ठेवा. १५२० च्या सुमाराला डोमिंगो पाइश नावाचा पोर्तुगीज विजयनगरला आला होता, त्याने लिहून ठेवलंय की आनेगुंदीकडे जायला लोक टोपलीसारख्या गोल होड्यांतून नदी ओलांडतात, आतून वेताच्या, बाहेरून कातडं लावलेल्या, आणि त्यात पंधरा-वीस माणसं बसतात, घोडे आणि बैलसुद्धा नेतात. आता कातड्याच्या जागी प्लास्टिक आणि डांबर आलं, बाकी होडी तीच. विरूपाक्षाची पूजा आणि तो कालवा सोडला तर शहराचं दुसरं काही असं चालू राहिलेलं मला तरी दिसलं नाही.

बरोबर काय न्यायचं यात मी फार सांगत नाही, प्रत्येकाच्या घरी आई-सासू असतेच. पण आम्ही सोलापूरकर एका बाबतीत नशीबवान, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. उन्हात नासत नाही, गाडीत सांडत नाही, आणि चार दिवस टिकते. सोबत ताक कुठेही मिळतं, तिकडे मज्जिगे म्हणायचं. बटाट्याची भाजी, पुऱ्या, नारळाच्या वड्या असलं काही घेऊ नका, दुपारपर्यंत आंबतं. पन्ह्याचा गर बाटलीत घट्ट करून ठेवलाय, पाणी घातलं की झालं. ओआरएसची पाकिटं घेतलीत, पावडरची, आणि पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट घालायचं, म्हणजे बहुतेक एक लिटर, थोडी पावडर ग्लासात टाकून चव बघत प्यायचं नाही. दुकानातली ती फळांच्या रसाची गोड खोकी म्हणजे ओआरएस नव्हे. सासूबाईंच्या बीपीच्या गोळीत लघवी जास्त होणारं औषध आहे, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारून आलो उन्हात किती पाणी, गोळी कधी, तुमच्याकडे कुणी असं औषध घेत असेल तर हे कराच, मनाने गोळी बंद करू नका. मुलं चिडचिड करायला लागली, डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाली तर ट्रिप तिथेच थांबवून सावली, पाणी, ओलं फडकं. आणि कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात, तिथे लिंबूपाणी पाजत बसायचं नाही, अंगावर पाणी ओतत थेट होस्पेटचं हॉस्पिटल, हंपीपासून तेरा किलोमीटर आहे.

टोपीपेक्षा छत्री बरी, हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे हसतात. काळी साधी छत्री, आतून चंदेरी असेल तर अजून छान. टोपी डोकं तापवते, छत्री आपली सावली आपल्याबरोबर घेऊन चालते, आणि मघाशी म्हटलं तसं हंपीत दुपारी दुसरी सावली नसतेच. नवऱ्याला पंचा दिलाय, ओला करून मानेवर टाकायला. फोटोत शोभत नाही म्हणतो. बघू बाराच्या नंतर काय म्हणतो ते.

बदामी-ऐहोळे-पट्टदकल यातच उरकायचं का यावर घरात दोन पक्ष पडले होते. मी नाही म्हटलं. बदामी हंपीपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे, होतं आरामात, पण मे मधे एकाच ट्रिपमध्ये दोन्ही म्हणजे शेवटच्या दिवशी लेण्यांच्या पायऱ्या चढताना कुणी कुणाशी बोलत नसतं. उग्रनरसिंह आणि त्याच्या शेजारचं ते पाण्यातलं बडविलिंग मात्र ठेवलंय, रस्त्याच्या कडेलाच आहेत, गाडीतून उतरून दहा मिनिटं. साडेसहा-पावणेसात मीटरचा एकाच खडकातला नरसिंह, १५२८ चा, आणि मांडीवरची लक्ष्मी फोडलेली, तिचा नुसता हात त्याच्या पाठीशी शिल्लक आहे, तो शोधायला पोरांना सांगायचं, म्हणजे ती दहा मिनिटं टिकतात.

आता एकच गोष्ट ठरायची राहिलीये. येताजाता इलकल लागतं आणि सासूबाईंना इरकल घ्यायचीच आहे. त्या म्हणतात जाताना घेऊ, विठ्ठलाच्या देवळात नवी साडी नेसून जाईन. मी म्हणते जाताना आपण इलकलमध्ये सकाळी सातला असू, कुठलं दुकान उघडं असणार. नवरा म्हणतो मग पाचला निघू. पाचला निघालं तर पुढचं सगळं एक तास उन्हात सरकतं, वही परत पहिल्यापासून. शेवटी मोठीने तोडगा काढलाय, आजीची जुनी हिरवी इरकल आहे ती धुऊन इस्त्री करून न्यायची आणि नवी येताना घ्यायची. आजीने अजून हो म्हटलेलं नाही, पण साडी कपाटातून बाहेर काढलीये.